बाटलीचे वय तिच्या बुडाला विचारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकात डिचोली तालुक्यातल्या एका घरची विहीर उपसताना सापडलेल्या गोटी सोड्याच्या बाटलीचे छायाचित्र आले आहे. खाली ओळ आहे, 'पोर्तुगीज काळातील दोनशे वर्षांपूर्वीची बाटली'. बाटली सुरेख आहे. इतक्या चिखलातून ती न फुटता वर आली आणि त्या घरच्या मुलाने ती भंगारात न देता जपून ठेवली, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र तिचे वय चुकले आहे. ते दुरुस्त व्हावे म्हणून हे पत्र. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. या विषयावर गोव्यात बोलणारे फार थोडे उरलेत आणि मी सोडावाल्याची मुलगी आहे.

म्हापशात आमचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मागच्या पडवीत एक यंत्र, दोन सिमेंटच्या टाक्या, गॅसचा सिलिंडर आणि भिंतीला रचलेले लाकडी खोके. बाबा बाटली यंत्राच्या लोखंडी पिंजऱ्यात बसवत. पाणी आणि गॅस दाबाने आत शिरला की मूठ फिरवून पिंजरा उलटा करत. बाटली उलटी झाली की आतली काचेची गोटी घरंगळत मानेतल्या रबरी वायसरवर येऊन बसायची आणि आतल्या गॅसचाच दाब तिला तिथे घट्ट धरून ठेवायचा. बूच नको, लाख नको, तार नको. बाटली फोडायची म्हणजे लाकडी खुंटीने गोटी खाली दाबायची, फट्ट असा आवाज यायचा आणि गोटी मानेतल्या आवळलेल्या भागात जाऊन खुळखुळायची. ओतताना मानेतल्या दोन खाचा खालच्या बाजूला धरायच्या, म्हणजे गोटी त्यांत अडकते आणि तोंडाशी येऊन वाट अडवत नाही. बोडगेश्वराच्या जत्रेत आमच्या दुकानावर बाबा हे प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला न कंटाळता दाखवत.

माझे काम बाटल्या धुण्याचे. माझा जन्म १९५४ चा; गोवा मुक्त झाला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तेव्हापासूनच टाकीपाशी बसत होते. बाटली पालथी धरून ब्रश फिरवताना बुडाजवळची अक्षरे अंगठ्याला लागायची. बाबा पोर्तुगीज शाळेत थोडे शिकले होते, त्यामुळे त्यांना रोमन अक्षरे वाचता येत, इंग्रजी मात्र येत नसे. ते बाटल्यांना अक्षरांनीच ओळखत. "ती सी.एस.ची बाटली वेगळी काढ, ती जाड आहे, फुटत नाही." सी.एस. म्हणजे कोण, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मला ते कळायला पुढे चाळीस वर्षे लागली. तो धागा नंतर घेते.

आधी आपल्या छायाचित्रातली बाटली. मानेत गोटी असलेली बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने शोधली आणि तिचे पेटंट १८७२ चे आहे. दोनशे वर्षांपूर्वी कॉड जन्मालाही आला नव्हता. त्याचा जन्म १८३८ चा. तेव्हा मानेत गोटी दिसली, की त्या बाटलीच्या वयाची पलीकडची हद्द १८७२ ला आपोआप पडते. त्याआधी विलायतेत सोडा भरत तो अंड्याच्या आकाराच्या, टोकदार बुडाच्या बाटल्यांत. त्या उभ्या राहूच शकत नसत. आडव्या ठेवल्या की आतले पाणी बुचाला लागून बूच फुगलेले राही आणि गॅस निसटत नसे. तशी बाटली कुणाच्या विहिरीत निघाली, तर ती खरोखर जुनी असण्याचा संभव आहे. तशी एक तरी हाताळायला मिळावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

'पोर्तुगीज काळ' या शब्दानेही वय ठरत नाही. तो काळ ४५१ वर्षांचा आहे. १९६१ च्या १८ डिसेंबरला बाबांनी भरलेला सोडाही त्याच काळातला. मग बाटलीचे वय ठरवायचे कशावरून?

बाटलीवर बहुधा दोन नावे असतात आणि सगळा घोटाळा इथे होतो. एक नाव मोठ्या उठावाच्या अक्षरांत, पोटावर, गोलाकार किंवा कमानीत. ते सोडा विकणाऱ्याचे. दुसरे बारीक, बुडाच्या वरच्या कडेला किंवा प्रत्यक्ष बुडावर. ते काच ओतणाऱ्या कारखान्याचे. लोक पहिले वाचतात आणि तिथेच थांबतात. विकणाऱ्याचे नाव कामाचे नाही असे नव्हे, पण त्याने ठरणारी हद्द फार रुंद असते. मुंबईतले पालनजी १८६५ चे, पुण्यातले आर्देशिर १८८४ चे, मुंबईचे ड्यूक १८८९ चे. ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालली. ड्यूकचे नाव असलेली बाटली १८८९ च्या आधीची नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. अलीकडची बाजू मोकळीच राहते. काच कारखान्यांचे तसे नाही. ते भागीदाऱ्या करत, मोडत, एकमेकांत विलीन होत, बंद पडत आणि दर वेळी साच्यावरची अक्षरे बदलत. त्यामुळे बारीक अक्षरांची हद्द अरुंद असते. एका नावाने पलीकडची हद्द मिळते, दुसऱ्याने अलीकडची, आणि जमिनीच्या मोजणीसारखे दोन दगडांमधले अंतर आपल्या हाती येते.

माझ्यासमोर आता एक बाटली आहे, तिच्यावरूनच सांगते. रंग फिकट हिरवट-निळा, वाहत्या ओहोळाच्या पाण्याचा असतो तसा. खांद्याजवळ आणि पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर काच दुधाळ, खरखरीत झाली आहे. खोक्यात शेजारच्या बाटल्यांवर वर्षानुवर्षे घासून पडलेला तो पट्टा आहे. नव्या बाटलीला तो कुणी मुद्दाम आणू गेले तर सारखा, एका दिशेचा येतो, हिच्यावर मात्र तो वेडावाकडा आहे. पोटावर मुंबईच्या एका सोडावाल्याचे नाव. आणि बुडाच्या कडेला, नखाने चाचपावी लागतील अशी अक्षरे : डॅन रायलंड्स, बार्नस्ली.

बार्नस्ली हे यॉर्कशरमधले गाव. तिथे होप ग्लास वर्क्स नावाचा काच कारखाना होता. कॉडने १८७७ मध्ये बेन रायलंड्सशी भागीदारी केली. बेन १८८१ मध्ये वारला, त्याची जागा डॅनने घेतली आणि १८८४ मध्ये डॅन आणि कॉड वेगळे झाले. म्हणून ज्या बाटलीवर रायलंड्स आणि कॉड अशी दोन्ही नावे एकत्र आहेत, ती १८७७ ते १८८४ या सात वर्षांतली. जिच्यावर एकट्या डॅनचे नाव आहे, ती १८८४ नंतरची. माझी बाटली दुसऱ्या प्रकारची. यॉर्कशरमध्ये ओतली, मुंबईच्या माणसाने आपले नाव घालून मागवली, तिथे कित्येक वर्षे भरली-फोडली आणि मग कधीतरी जुन्या मालात बाबांच्या आधीच्या कुणीतरी ती म्हापशात आणली. हा सगळा प्रवास बोटभर जागेतल्या अक्षरांमुळे कळला. ती अक्षरे नसती तर माझ्याजवळ एक हिरवी बाटली असती, एवढेच.

आता बाबांची सी.एस. त्या बाटल्यांवर पूर्ण अक्षरे होती 'सी.एस. अँड कं.'. म्हणजे कॅनिंग्टन, शॉ अँड कंपनी, लँकशरमधले सेंट हेलन्स. त्याच गावात नटॉल यांचाही बाटल्यांचा कारखाना होता. १९१३ मध्ये हे आणि आणखी काही कारखाने एकत्र येऊन युनायटेड ग्लास बॉटल मॅन्युफॅक्चरर्स ही मोठी कंपनी झाली, तिची खूण 'यू.जी.बी.'. यावरून दोन गोष्टी सुटतात. यू.जी.बी. लिहिलेली बाटली १९१३ च्या आधीची असूच शकत नाही. सी.एस. लिहिलेली बाटली बहुधा त्याआधीची. बहुधा अशासाठी म्हणते, की साचा लोखंडाचा असतो आणि कंपनीचे नाव बदलले म्हणून चांगला साचा कुणी त्याच दिवशी फेकून देत नाही. म्हणजे बाबा मला १९६४-६५ मध्ये जी बाटली वेगळी काढायला सांगत, ती तेव्हाच पन्नाशी ओलांडलेली होती आणि रोज सोडा भरून म्हापशाच्या बाजारात जात होती!

याच कारणाने बाटलीचे वय आणि ती विहिरीत पडल्याचे वर्ष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. बाटली ही महागाची वस्तू. सोड्याचे पैसे वेगळे, बाटलीची अनामत वेगळी. फुटेपर्यंत ती परत परत भरली जायची. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे बंद झाली, मुंबईचा माल थांबला. त्या दिवसांत नवी बाटली तर सोडाच, रबरी वायसरही मिळेनासे झाले आणि सायकलच्या ट्यूबमधून रबर कापून ते केले, असे बाबा सांगत. अशा काळात कोण बाटली टाकून देईल? म्हणून गाळात एकच जुनी बाटली सापडली तर तेवढ्यावरून विहिरीचा इतिहास मांडू नये. त्याच थरात आणखी काय निघाले ते पाहावे. शंभर वर्षांच्या बाटलीशेजारी, त्याच चिखलात, थम्स अपची बाटली असेल, तर तो थर १९७७ च्या आधीचा नाही, कारण थम्स अपच १९७७ मध्ये आले. सर्वांत नवी वस्तू थराचे वय सांगते, सर्वांत जुनी नव्हे. गाळ उपसणारे कामगार सगळे एका ढिगात टाकतात, तेव्हा घरच्या माणसाने तेवढा वेळ काठावर उभे राहावे.

आकड्यांबद्दलही सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त फसगत त्यांच्यामुळे होते. बुडावर १८९४ असा आकडा दिसला की लोक हरखतात. तो साच्याचा क्रमांक असू शकतो, नोंदणी केलेल्या नक्षीचा क्रमांक असू शकतो. साल क्वचितच. पेटंटची तारीख लिहिलेली असली तरी ती पेटंटची, बाटलीची नव्हे. कोका-कोलाची कमरेत बारीक असलेली बाटली इंडियाना राज्यातल्या टेरे होट गावच्या रूट ग्लास कंपनीने घडवली. तिच्यावर '१६ नोव्हेंबर १९१५' ही पेटंटची तारीख पुढे कित्येक वर्षे ओतली जात होती. नंतरच्या बाटल्यांवर '२५ डिसेंबर १९२३' आले. नाताळच्या दिवशी ती बाटली ओतली, असा त्याचा अर्थ कुणी करू नये. तारखेने पलीकडची हद्द कळते, त्याहून अधिक काही नाही.

मात्र एका अमेरिकन खुणेत साल खरेच लपलेले असते. आमच्या शेजारच्या घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, झाल्या. त्यांच्या कपाटात एक जाड पांढऱ्या काचेची सोड्याची बाटली होती. 'पणजोबांनी पहिल्या महायुद्धात आणली' अशी घरातली समजूत. तिथली सून माझी विद्यार्थिनी. तिने एकदा ती माझ्याकडे आणली. उलटी केली तर बुडावर पत्त्यांतल्यासारखी एक चौकट, तिच्यावर आडवा लंबगोल आणि मध्ये इंग्रजी 'आय' हे अक्षर. ही ओवेन्स-इलिनॉय कंपनीची खूण. ओवेन्स आणि इलिनॉय या दोन कंपन्या १९२९ मध्ये एक झाल्या, म्हणजे पहिले महायुद्ध तिथेच बाद झाले. या खुणेच्या डाव्या बाजूचा आकडा कोणत्या कारखान्यात ओतली ते सांगतो, उजव्या बाजूचा सालाचा शेवटचा अंक असतो. उजवीकडे ६ होता. मग १९३६ की १९४६? बुडावरच, वळणदार हस्ताक्षरात 'ड्युराग्लास' हा शब्द होता आणि तो शब्द ही कंपनी १९४० पासून वापरू लागली. म्हणजे १९४६. पणजोबा तेव्हा हयात नव्हते. आजोबा त्या वर्षांत जहाजावर होते, त्यांचे नोकरीचे पुस्तक घरात आहे. सुनेने सासऱ्यांना फोन लावला आणि "बाबा, ती बाटली तुमच्या वडिलांची हो!" एवढे बोलून तिला पुढे बोलवेना. ती बाटली आता कपाटात मागे नाही, देवघराशेजारच्या फळीवर आहे.

दुसरा अनुभव कडू आहे. माझ्या भाच्याने मला आवडते म्हणून किनारपट्टीवरच्या एका दुकानातून गोटीची बाटली आणली. चिठ्ठीवर '१८५०, पोर्तुगीज', किंमत ४,५०० रुपये. गोटीची बाटली १८५० ची नाही, हे वर आलेच आहे. बुडाजवळ पाहिले तर इंग्रजीत 'मेड इन इंडिया' आणि माप मिलिलिटरमध्ये. पोर्तुगालमध्ये मेट्रिक मापे एकोणिसाव्या शतकातच आली होती, तेव्हा नुसत्या लिटरवरून बाटली नवी ठरत नाही. पण भारतात ही मापे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधी आपल्याकडे सोडा औंसात. उत्तर प्रदेशात सासनीसारख्या ठिकाणी गोटीच्या बाटल्या आपल्या काळापर्यंत होत आल्या आहेत आणि त्या चांगल्या असतात. चांगली नवी बाटली म्हणून ती कुणी विकली असती तर माझी काहीच तक्रार नव्हती. भाच्याच्या पहिल्या पगाराचे पैसे होते ते. तो परत गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, 'आम्हाला घेतानाच असे सांगितले होते.' हे खरेही असेल. मग त्यानेही विकण्याआधी ती एकदा पालथी करून पाहायला नको होती का?

मानेवरच्या शिवणीबद्दल बरेच जण विचारतात. दोन अर्ध्या साच्यांच्या सांध्याची रेघ बाटलीच्या अंगावर उठते. ती थेट ओठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे साधारणपणे विसाव्या शतकातली. मायकल ओवेन्सचे स्वयंचलित यंत्र १९०३ चे. मानेत कुठेतरी रेघ पुसली गेली असेल तर ओठ हाताने घडवलेला. हा नियम बुचाच्या बाटल्यांना ठीक लागतो. गोटीच्या बाटलीला लावू नये, कारण तिच्यात गोटी आत टाकल्यावर ओठ घडवतात आणि तिथली शिवण नव्या बाटलीतही पुसली जाऊ शकते. काचेतल्या बुडबुड्यांवर तर मुळीच विसंबू नये. बुडबुडे सगळ्याच हलक्या काचेत असतात.

आपल्या गोव्याला मात्र एक सोय आहे, ती मुंबई-पुण्याला नाही. बाटलीवर पोर्तुगीज शब्द असतील तर त्यांचे शुद्धलेखन पाहावे. पोर्तुगालमध्ये १९११ मध्ये शुद्धलेखन बदलले. औषधांच्या दुकानाला असलेला शब्द त्याआधी 'पी-एच'ने लिहीत, 'फार्मासिया'. नंतर तोच 'एफ'ने लिहू लागले. एफ असेल तर बाटली १९११ नंतरची, हे जवळजवळ निश्चित. पी-एच असेल तर आधीची असण्याचा संभव मोठा, पण जुन्या वळणाचे लोक जुनेच लिहीत राहतात, म्हणून तिथे घाई करू नये. 'नोव्हा गोवा' असे गावाचे नाव असेल तर १८४३ नंतरची, कारण पणजीला ते नाव त्या वर्षी मिळाले. गोटीच्या सोड्याला खुद्द पोर्तुगालमध्ये 'पिरोलितु' म्हणत. म्हणजे आपण ज्याला फक्त इंग्रजांकडून आलेली वस्तू समजतो, ती लिस्बनच्या पोरांनाही तितकीच ठाऊक होती. मारिन्या ग्रांदे हे पोर्तुगालचे काचेचे गाव, अठराव्या शतकापासूनचे. तिथल्या खुणेची एखादी बाटली गोव्याच्या विहिरीत निघाली तर ती मला पाहायची आहे. अजून तरी माझ्या हाताला ती लागलेली नाही.

मराठी माणसाने या खुणांकडे पाहावे याला आणखी एक कारण आहे. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ चा, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६ चा. प्रभाकर कंदील तिथला. आमच्या मूळ घरी राजांगणात जो कंदील टांगलेला असे, त्याच्या काचेवर ओगल्यांचे नाव होते. आई ती काच राखेने पुसायची आणि नाव दिसते का ते पाहायची. नाव दिसले की काच साफ झाली, असा तिचा हिशोब. त्या काचेचा एक तुकडासुद्धा आज घरात नाही.

बाबा १९९४ मध्ये गेले. यंत्र त्याआधीच बंद पडले होते, बाटल्या मात्र होत्या, भिंतीला लावलेल्या खोक्यांत, सहाशेच्या वर. मी तेव्हा नोकरीनिमित्त काणकोणला होते. घरच्यांनी जागा मोकळी करायची म्हणून त्या भंगारात दिल्या. भंगारवाला काच वजनावर घेतो, अख्ख्या बाटल्या पोत्यात मावत नाहीत म्हणून त्याच्या माणसांनी त्या अंगणातच फोडल्या. मी शनिवारी घरी आले तेव्हा गल्लीतली मुले फरशीवरून गोट्या वेचत होती. घरच्यांवर मी रागावले नाही, कारण तोवर मीही कुणाला सांगितले नव्हते, की या बाटल्यांवर काही लिहिलेले आहे. माळ्यावर राहिलेल्या एका खोक्यातल्या चोवीस वाचल्या. त्या चोवीस घेऊन मी शिकायला बसले.

आज माझ्या वहीत ६३ खुणा आहेत. चोवीस घरच्या, बाकीच्या इतरांच्या घरी जाऊन घेतलेल्या. बाटली मी मागत नाही, फक्त खूण उतरवून घेते. बुडावर पातळ कागद ताणून धरायचा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी करून हलके घासायची. लहानपणी आपण नाण्याचे ठसे घ्यायचो तसे. अक्षरे फारच झिजली असतील तर तांदळाच्या पिठाचा कोरडा हात फिरवायचा, पीठ अक्षरांच्या कडेला बसते. नाहीतर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धरायचे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात काही दिसत नाही. खुणेशेजारी मी गाव, घर कोणत्या वाड्यावरचे, बाटली विहिरीत मिळाली की माळ्यावर, आणि सोबत काय होते ते लिहिते.

आता उन्हाळा आहे, गावोगाव विहिरी उपसल्या जात आहेत, जुनी घरे पाडली जात आहेत. वाचकांना माझी विनंती एवढीच, की बाटली निघाली तर ती लगेच घासू नका. मातीत राहिलेल्या काचेवर इंद्रधनुष्यासारखा एक पातळ पापुद्रा चढतो, तारेच्या घासणीने तो निघतो आणि त्याबरोबर बारीक अक्षरेही जातात. ॲसिड नको. थंडगार विहिरीतून आलेली बाटली गरम पाण्यात तर मुळीच नको, तडकेल. सावलीत सुकू द्या, मऊ फडक्याने पुसा, पालथी करा आणि वाचा. मग विकायची तर विका, द्यायची तर द्या. निदान खूण तरी लिहून ठेवलेली असेल.

शेवटी पुन्हा आपल्या छायाचित्राकडे येते. ते मी भिंगाखाली पाहिले. बुडाच्या कडेला अक्षरे आहेत. 'अँड कं.' एवढे मला स्पष्ट वाचता आले; त्याच्या आधीची अक्षरे बाटली धरलेल्या मुलाच्या अंगठ्याखाली गेली आहेत. तिथे सी.एस. असेल तर ती बाबांच्या आवडत्या बाटल्यांपैकी आहे आणि शंभरी तिने बहुधा ओलांडली आहे. दुसरे काही असेल तर वय दुसरे. त्या मुलाने कृपा करून अंगठा बाजूला घेऊन, उजेड एका बाजूने पडेल असा, बुडाचा एक फोटो आपल्याकडे पाठवावा आणि आपण तो छापावा. फोटोत अक्षरे आली नाहीत तर मला कार्यालयामार्फत कळवा. म्हापशाहून डिचोलीची बस तासाभराच्या आत पोहोचते. कागद आणि पेन्सिल मी घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
म्हापसा, गोवा